काकूंचा कॉम्प्युटर मी फास्ट करून दिला

हे खरं आहे. कुणाच्या मावसभावाने सांगितलेलं नाही. माझ्या हातून झालेलं आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो. माझ्याकडे यातलं काही नाही. तारीख १७ मे २०२३, बुधवार, दुपारचे तीन. गाव दिग्रस, जिल्हा यवतमाळ. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

मी कपिल. बसस्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जिनिंगवाले, वकील, शाळा, सगळ्यांची मशीनं माझ्याकडे येतात. गावात माझं एक नाव आहे. कितीही मरतुकडं मशीन आणा, कपिल त्याला वीस मिनिटांत पळायला लावतो.

मला त्याचा फार माज होता. हे आधीच सांगून टाकतो.

त्या दिवशी सकाळी पुण्याहून फोन आला. भैरवीताई. सुहासिनीकाकूंची मुलगी.

"कपिल, आईचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अर्धा तास लागतो. जरा बघून ये ना."

"येतो ना ताई. त्यात काय एवढं?"

मग त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "आणि एक. आई म्हणते, त्याच्यावर कोणीतरी तिच्याशी लिहून बोलतं. बाबांच्या नावानं."

मी खुर्चीत सरळ बसलो.

"ती त्यापायी घर सोडत नाहीये रे. मी किती वेळा म्हटलं, पुण्याला चल. तर म्हणते, ह्यांना टाकून कशी येऊ? आजकाल किती फसवतात म्हाताऱ्या माणसांना. तू ते काय असेल ते काढून टाक. तिला विचारत बसू नकोस."

श्रीकृष्णकाका जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. रिटायर झाल्यावर हौसेने कॉम्प्युटर घेतला आणि मराठी टायपिंग शिकले. माणूस शिस्तीचा. घरातसुद्धा कचेरीच चालायची. काकूंनी भाजी काय करू विचारलं की म्हणायचे, "वांगी. मंजूर." आम्ही पोरं त्यांची नक्कल करून हसायचो.

अशा माणसाच्या नावानं त्याच्या बायकोला कोणी गंडवतंय म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

मी बॅग उचलली.

काकूंनी दार उघडलं. हडकल्या होत्या, पण चेहरा प्रसन्न होता. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, बाजूच्या खिडकीला कूलर, समोर भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो.

"भैरवीनं पाठवलं ना तुला?" काकू म्हणाल्या. "मी तर तिला काही तक्रार केली नव्हती."

"लय स्लो झाला म्हणत होत्या ताई."

"होऊ दे की हळू. मला कुठं गाडी पकडायची आहे?"

मी हसलो आणि बटण दाबलं.

खरंच अर्धा तास लागला. वीस मिनिटं झाली तरी पडद्यावर चक्र फिरतच होतं. काकू शेजारच्या खुर्चीत हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कुणी पाहुणा यायचा असावा, तशा.

शेवटी मशीन सुरू झालं. मी स्टार्टअपची यादी उघडली. म्हणजे मशीन चालू केल्याबरोबर जे जे प्रोग्राम आपोआप जागे होतात, त्यांची यादी.

तेवीस.

फुकटचे गेम. हवामान दाखवणारं काहीतरी. खोटे अँटिव्हायरस दोन. जाहिराती दाखवणाऱ्या पट्ट्या. एक तर चक्क हेरगिरी करणारा, काय टाइप होतं ते चोरून ठेवणारा. सगळा नेहमीचा कचरा. मी एकेक काढत गेलो.

यादीत सगळ्यात खाली एक होता. बनवणाऱ्याचं नाव नाही, चिन्ह नाही. नुसतं लिहिलेलं... दैनंदिनी.

तो कुठल्या फाइलमध्ये लिहितोय ते शोधलं आणि ती फाइल उघडली. मराठीत होती. लांबच लांब. मी तळाशी गेलो.

"१२ मे. विषय : गुडघे. पत्नीने विचारणा केली. कालपेक्षा आराम आहे."

"१४ मे. विषय : लोणचे. मीठ कमी पडले आहे. दुरुस्ती व्हावी."

"१६ मे. विषय : भैरवीकडे जाणे. निर्णय पत्नीवर सोपविण्यात येत आहे. मात्र येथे एकट्याने राहणे जड जाईल."

१६ मे. म्हणजे आदल्या दिवशी.

मी फोटोकडे पाहिलं. मग काकूंकडे.

त्या ओशाळल्यासारख्या हसल्या. "वाचलंस का? रोज येतं. मी विचारते, ते लिहितात."

माझ्या मनात एकच आलं. कोण आहे हा हरामखोर? माणसाची बोलायची पद्धतसुद्धा उचलली याने!

आता पुढचं नीट ऐका. माझी चूक इथे आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात इंटरनेटचं चिन्ह असतं. त्यावर लाल फुली होती. नेट नव्हतं. बाहेरचा कोणी या मशीनमध्ये शिरणार कुठून?

ती फुली मी पाहिली होती. नक्की पाहिली होती. पण मी थांबलो नाही. मशीन एकदा साफ करायला घेतलं की मी मधे थांबत नाही, हीच माझी पद्धत.

आणि दुसरं. काकूंना विचारलं तर त्या नाही म्हणतील, हेही मला कळत होतं.

म्हणून मी म्हटलं, "काकू, मले जरा माठातलं पाणी देता का?"

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मी दैनंदिनीवर क्लिक केलं. एन्ड टास्क.

बंद झाला... आणि पुन्हा उघडला.

यात नवल नाही. हट्टी स्पायवेअर असंच करतात, मारलं की उठतात. मी पुन्हा मारला. पुन्हा उघडला. या वेळी मात्र पांढऱ्या चौकटीत एक ओळ होती.

"कार्यवाही तूर्त स्थगित ठेवावी."

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर बंद पडला. मशीन यूपीएसवर चालू राहिलं. खोली एकदम चिडीचूप. आतून माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, एवढंच.

आणि मग...

खट्.

खट्. खट्.

की-बोर्डचा आवाज. काकांचा तो जुना, जाड बटणांचा की-बोर्ड. माझा उजवा हात माउसवर होता. डावा माझ्या गुडघ्यावर.

मी खाली पाहिलं. एक बटण खाली गेलं आणि वर आलं. मग दुसरं. सावकाश. सांधे धरलेला माणूस टाइप करतो तसं, एकेक अक्षर शोधून.

मी स्वतःला सांगितलं, बटणं चिकटली असतील. उन्हानं प्लास्टिक फुगतं.

पडद्यावर अक्षरं उमटत होती.

"विनंती आहे."

उभ्या हयातीत त्या माणसाने कुणाला विनंती केल्याचं मी ऐकलं नव्हतं. काका शेरा मारायचे. मंजूर, नामंजूर, पाहिले. विनंती लोक त्यांना करायचे.

पण भीतीपेक्षा घाई जास्त होती. काकूंची पावलं वाजली... येत होत्या.

मी तिसऱ्यांदा मारला आणि तो उठायच्या आत फाइलच उडवली. कचरापेटीतसुद्धा जाऊ दिली नाही, थेट कायमची. वरून तिची जागा पुसणारं सॉफ्टवेअर फिरवलं. त्यानंतर जगातला कोणताही मेकॅनिक ती फाइल परत आणू शकत नाही. मीसुद्धा नाही.

काकूंनी पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला.

"झालं?"

"झालं काकू. पाहा आता."

मशीन बंद करून चालू केलं. चाळीस सेकंद! मला स्वतःचाच अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी वाटला होता.

काकू खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला. पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, कपिलनं लवकर सुरू करून दिलं बघा."

काही आलं नाही.

"अहो... उन्हाचं डोकं दुखत नाही ना?"

काही नाही.

लाइट आली, कूलर धडधडू लागला. काकू तशाच बसून होत्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग माझ्याकडे वळल्या.

"आज बोलत नाहीत रे."

मी म्हटलं, "काकू, तो व्हायरस होता. कोणीतरी बाहेरून तुम्हाले फसवून राह्यलं होतं. तुम्ही जे टाइप करत होत्या, ते त्याले दिसत होतं."



"पण मला टायपिंग कुठं येतं? मी तर त्या बटणांना कधी हातसुद्धा लावला नाही. मी तोंडानं विचारायची."

त्या मशीनला माइक नव्हता.

तांब्या समोर होता, पण उचलवेना. मी विचारलं, "काकू, नेट कधीपासून बंद आहे?"

"हे गेले तेव्हापासून. मला काय करायचं होतं नेट?"

मी बॅग भरली. पैसे घेतले नाहीत. चप्पल घालताना पट्टा दोनदा सुटला.

तीन दिवसांनी काकू स्वतः दुकानात आल्या. दुपारच्या उन्हात, पायी.

"कपिल, एक काम करतोस का? तो पहिल्यासारखा हळू करून दे."

"हळू?"

"हो. मी खूप विचार केला. ह्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. यायला वेळ लागायचा त्यांना. आधी तो अर्धा तास फिरत राहायचा, तेवढ्यात ते येऊन पोचायचे. आता चाळीस सेकंदांत सुरू होतो. कसे पोचतील?"

त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. माझ्यावर राग नव्हता. उलट मलाच समजावत होत्या.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. काकू, ते आले होते. माझ्यासमोर आले होते. मी हाकललं.

पण मी म्हटलं, "हो काकू. करून देतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं चांगलं चालणारं मशीन मुद्दाम बिघडवलं. आठवून आठवून सगळा कचरा परत भरला. गेम, जाहिराती, खोटे अँटिव्हायरस. मशीन पुन्हा अर्धा तास घेऊ लागलं. काकू खूश झाल्या. मला आंब्याचं पन्हं दिलं. ते मी कसं प्यालो, माझं मला माहीत.

आठवडाभर त्या रोज दुपारी बसल्या.

कोणी आलं नाही.

मग मी आणखी एक घाण काम केलं. मशीन तपासायचं निमित्त करून गेलो आणि त्यात एक छोटा प्रोग्राम टाकला. चालू झालं की पांढरी चौकट उघडेल आणि आत ओळ येईल. "सर्व ठीक आहे. चिंता नसावी."

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. आवाजात पोरीसारखा आनंद. "कपिल, आले रे! लिहिलं!"

त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मीच गेलो. काकू पडद्यासमोर बसल्या होत्या. चौकटीत तीच ओळ होती.

"मी विचारलं, लोणच्याचं मीठ आता बरं आहे का," काकू म्हणाल्या. "तर चिंता नसावी. विचारलं, भैरवीकडे जाऊ का, तर चिंता नसावी. कालही हेच, आजही हेच. हे एका फाइलीवर एकच शेरा दोनदा मारत नसत."

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"तूच लिहिलंस ना?"

मी मान हलवली. हो.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एक थोबाडीत मारली असती तर मी पाया पडून सगळं ओकलो असतो. पण त्या फक्त म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून केलंस. कळतं मला. भैरवीला फोन लाव. मी येते म्हणावं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकू पुण्याला गेल्या. कॉम्प्युटर मात्र त्यांनी सोडला नाही. मीच तो खोक्यात भरला, की-बोर्डसकट, आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत चढवला.

पंधरा दिवसांनी भैरवीताईंचा फोन आला. "कपिल, तुझे उपकार झाले रे. त्या फसवणाऱ्याच्या तावडीतून आईला सोडवलंस." मग हसून म्हणाल्या, "इथंही ती रोज दुपारी ते खटारं लावून बसते. म्हणते, नवीन जागा आहे, ह्यांना सापडायला वेळ लागेल. बसू दे. त्रास तर काही नाही."

मी "हो ताई" म्हटलं.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. एका म्हाताऱ्या बाईला एकटं पाडल्याचं पाप डोक्यावर घेऊन गप जगलो असतो.

दिवाळीनंतर लीलाबाई दुकानात आल्या. त्या काकूंकडे भांड्याला असायच्या. घराची किल्ली आता त्यांच्याकडेच आहे. आठवड्यातून एकदा जाऊन अंगण झाडतात, तुळशीला पाणी घालतात.

"कपिलभाऊ, काकूचा कम्पूटर तुमीच पुण्याले पाठवला न?"

"हो. काहून?"

"मंग बंद घरात कोन टायपिंग करून राह्यलं?"

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"उंदीर असन," मी म्हटलं.

"उंदीर तीनच वाजता येते का रोज? शेजारच्या बाईनंही आयकलं. मी तर आता आंगनातूनच पलटतो. तुमी एकडाव पाहून या."

मी गेलो. दिवसाढवळ्या. लीलाबाई फाटकाशीच थांबल्या.

मागच्या खोलीची खिडकी बंद होती, पण काच स्वच्छ होती. मी डोळ्यांवर हात धरून आत पाहिलं. रिकामी खोली. भिंतीवर फोटोची जागा पांढरी पडलेली. टेबल रिकामं, त्यावर सहा महिन्यांची धूळ.

आणि आवाज...

खट्. खट्. खट्.

टेबलावर की-बोर्ड नव्हता. काहीच नव्हतं. आवाज मात्र तिथूनच येत होता.

मी नीट पाहिलं. धुळीत बोटांचे ठसे होते. शेकडो. ओळीत, एकावर एक. मी पाहत असताना त्यात आणखी एक पडला.

मला पळायचं होतं. पण मी खिडकीच्या गजाला धरून म्हटलं, "काका... काकू इथं नाहीत. पुण्याले गेल्या. भैरवीताईकडे."

आवाज थांबला.

इतका वेळ थांबला की मला वाटलं, झालं. समजलं त्यांना.

मग पुन्हा सुरू झाला. आधी सावकाश. मग जोरात. मग एकच बटण दाबत राहावं तसं, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा.

ते काय विचारत होते, ते मला कळलं. पुणे म्हणजे काही दिग्रस नाही. तिथं गल्ली लागते, सोसायटी लागते, घराचा नंबर लागतो. कचेरीतला माणूस पूर्ण पत्त्याशिवाय कुठं जाणार?

आणि तो पत्ता माझ्याकडे नाही. भैरवीताईंकडे आहे.

तो मागायचा, तर कशाला हवा हे सांगावं लागेल. त्या दुपारी काय उघडलं होतं आणि मी काय पुसलं, हे सांगावं लागेल. त्यांच्या आईला पाणी आणायला पाठवून मी त्यांच्या वडिलांना घराबाहेर काढलं, हे सांगावं लागेल.

लीलाबाईंना मी उंदीरच सांगितलं. औषध टाकतो म्हटलं.

तिकडे काकू रोज तीन वाजता मशीन लावून बसतात. इकडे टेबलावर बोटं पडत असतात. दोघांच्या मधे फक्त मी आहे.

आजही अडीच वाजले की मी दुकानाचं शटर अर्धं ओढतो, मोबाइल काढतो आणि भैरवीताईंचं नाव उघडून बसतो.

तीन वाजून जातात. मी अजून फोन लावलेला नाही.